आग्रादेसिदाच्या पोटाखालचं तेल

१

सांता आनाच्या सणाच्या सकाळी चर्चसमोर उभ्या असलेल्या टोइंग ट्रकवरून तेल ठिबकतंय, हे सगळ्यात आधी निन्फाच्या लक्षात आलं. ट्रकच्या सपाट हौद्याभोवती पांढऱ्या चादरीची झालर होती आणि झालरीवर कागदी फुलं. त्यातलं एक फूल काळं पडलं होतं. निन्फानं त्याला बोट लावलं आणि ते नाकाशी नेलं. तिचा दिवंगत नवरा एपिमेनिओ सारी हयात हाच ट्रक चालवत होता, आता तो नासारिओकडे होता. इंजिनाच्या तेलाचा वास तिला वेगळा सांगावा लागत नव्हता.

हौद्यावर होती आबुन्दिओची आग्रादेसिदा.

आग्रादेसिदा म्हणजे आभारी. उत्तर न्यू मेक्सिकोतल्या त्या आमच्या खोऱ्यात बसक्या, म्हणजे जमिनीलगत आणून सजवलेल्या गाड्या घरोघरी होत्या, पण हिच्यासारखी हीच. आबुन्दिओची मुलगी रोसेन्दा लहानपणी तापात हातची गेल्यासारखीच झाली होती. तेव्हा त्यानं गावच्या देवीला, सांता आनाला नवस केला आणि पोर उठून बसल्यावर तो फेडला, तो असा: जुनी इम्पाला गाडी घेतली, तिला पिकलेल्या जर्दाळूचा रंग दिला, मागच्या झाकणावर सांता आना रंगवून घेतली आणि चाकांशी पंप बसवले. बटण दाबलं की गाडी नाक वर करायची, दुसरं दाबलं की जमिनीला टेकायची. सणाच्या आदल्या संध्याकाळी देवीची पालखी बाहेर आली की भिंतीशी उभी आग्रादेसिदा नाक खाली करून नमस्कार करायची. फक्त देवीला. एकदा निवडणुकीतला एक बडा माणूस म्हणाला, माझ्यापुढेही वाकव की जरा. आबुन्दिओ म्हणाला, "साहेब, आधी माझ्या पोरीचा ताप उतरवून दाखवा."

यंदा आबुन्दिओला अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, तो चाकाच्या खुर्चीत बसला. गाडीचा गिअरबॉक्सही उघडून ठेवलेला. तरी नवस चुकायला नको म्हणून नासारिओनं ती ट्रकवर चढवून आदल्या दुपारी चर्चपाशी आणून ठेवली होती. ट्रकवर बांधलेली गाडी काय वाकणार, असं म्हणत गावानं हळहळ केली होती.

आता माणसं जमली. आबुन्दिओची खुर्ची ढकलत त्याची बायको ओर्लिन्दा आली. त्यानं तेल पाहिलं, मग नासारिओकडे पाहिलं. शब्द एकेक करून बाहेर आले.

"तेलाचं चेंबर. फोडलंस. चढवताना."

"नाही, आबुन्दिओकाका. देवाशपथ नाही."

"हात लावू नकोस. परत कधी. कुठल्याच बसक्या गाडीला."

गाडीवाल्यांच्या मंडळाचा मुख्य फिदेन्सिओ मागेच उभा होता. आबुन्दिओचा शब्द म्हणजे मंडळाचा शब्द. त्याच महिन्यात मंडळाच्या सगळ्या गाड्या सांता फेच्या प्रदर्शनाला जायच्या होत्या, नासारिओच्याच ट्रकवरून. फिदेन्सिओनं मान खाली घातली.

नासारिओनं टोपी काढून हातात घेतली. "मग सोमवारी विकतो ट्रक," तो निन्फाला हळूच म्हणाला. "पुएब्लो शहरातला एक जण कधीचा मागे लागलाय. या खोऱ्यात बसक्या गाड्या सोडून दुसरं काय ओढायचं, तिया?"

सगळं गावच तिला तिया, म्हणजे मावशी म्हणायचं. पण नासारिओनं म्हटलं की तिला तो हिवाळा आठवायचा. एपिमेनिओला मरायचं होतं ते आपल्या खाटेवर, आपल्या खिडकीशी. इस्पितळानं सोडलं, पण बर्फात गाडी यायला तयार नव्हती. नासारिओनं याच ट्रकच्या केबिनमध्ये त्याला शेजारी बसवून घरी आणलं होतं. असं ऋण फिटत नाही. पण माणूस बुडत असताना काठावर उभं तरी कसं राहायचं?

"दुपारी पाद्री गाडीवर तीर्थ शिंपडेपर्यंत दम धर," निन्फा म्हणाली. "तोवर मला जरा विचारपूस करू दे."

२

चर्चच्या ओसरीवर तिनं त्याला कॉफी दिली, सणाची बिस्किटं, बिस्कोचितो दिले. त्यानं बिस्कोचितो नुसताच हातात धरला.

"पहिल्यापासून सांग. मला काही माहीत नाही असं समजून सांग."

"तुम्हीच तर शिकवलंत."

"म्हणूनच. चुकलास तर तिथंच धरीन."

नासारिओ थोडा हसला. "हौदा मागे टेकवला, पूर्ण तिरका केला. तरी बसकी गाडी सरळ चढवली तर नाक आधी हौद्याच्या कडेला घासतं. म्हणून कडेच्या अलीकडे फळ्या टाकल्या, एकावर एक, पायरीसारख्या. चढ मऊ झाला. मग बटण दाबून गाडी उचलली पंपानं, पूर्ण वर. हँडब्रेक काढला, चाकं सरळ केली. मग विंचच्या दोरानं ओढली, अगदी गोगलगाईसारखी. मी जमिनीवर आडवा पडून पोटाखाली बघत होतो. माझा पंजा आडवा जाईल एवढी फट शेवटपर्यंत होती."

"चढल्यावर?"

"गाडी खाली बसवली. वर ठेवून रस्त्यानं न्यायची नाही, पंपाचं तेल झिरपतं, गाडी आपोआप खाली येते आणि डुगडुगते. मग पट्टे."

"कुठून?"

"चाकांवरून. चारही. चासीला, सांगाड्याला पट्टा नाही लावला. एपिमेनिओ म्हणायचे ना, घोड्याचे पाय बांध, पाठ मोकळी ठेव."

निन्फाचे डोळे ओलावले. जुन्या माणसाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की असं होतं. तिनं पदरासारखी शाल पुढे ओढली.

"फळ्या कुठे ठेवल्यास?"

"केबिनच्या मागे, हौद्यावरच. उभ्या. आणि बटणांची डबी आत, आरशाला अडकवून. तिची वायर लांब आहे ना, बाहेर उभं राहून दाबता यावी म्हणून. लोंबकळत ठेवली तर कुठे अडकायची."

निन्फा उठून ट्रकपाशी गेली. हात लावायची बंदी नासारिओला होती, तिला नव्हती. चारही पट्टे ताठ होते, बोटानं दाबले तर दबेनात. गाडी रस्त्यात हललीच नव्हती. मग तिनं गाडीचं नाक पाहिलं. नासारिओनं ती खाली बसवून ठेवली होती, पोट टेकून, अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखी. आणि आता तर नाक अर्धवट वर होतं.

केबिनच्या मागे फळ्या दिसत नव्हत्या. बटणांची डबीही आरशाला नव्हती. खिडकीतून बाहेर लोंबत होती.

३

आबुन्दिओच्या अंगणात माती घट्ट आणि पिवळट, ओर्लिन्दा रोज झाडायची अशी. ट्रक कुठे उभा होता ते चाकांच्या ठशांवरून दिसत होतं. निन्फा तिथं वाकली, गुडघ्यांनी तक्रार केली, तरी वाकली. तेलाचा एक थेंब नव्हता. रस्त्यानं चर्चपासून चालत आली होती तेव्हाही तिनं खाली बघितलं होतं. तिथंही काही नव्हतं.

चेंबर चढवताना फुटलं असतं तर तेल इथूनच सांडत गेलं असतं. म्हणजे गाडी इथून धडधाकट निघाली होती आणि चर्चसमोर नुसती उभी असताना फुटली होती.

ओर्लिन्दा स्वयंपाकघरात पोसोले, सणाचा मक्याचा रस्सा, ढवळत होती. डोळे सुजलेले.

"कोमाद्रे, तुम्ही त्याची बाजू घेऊन आलात," ती म्हणाली. निन्फा रोसेन्दाची धर्ममाता होती, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत, आणि आबुन्दिओला ती कोम्पाद्रे.

"मी चमचा घेऊन आलेय. मीठ बघू?"

ओर्लिन्दानं वाटी पुढे केली. "कमी आहे ना?"

"तू रडतेयस तोवर टाकू नकोस आणखी." दोघी हसल्या आणि मग बोलणं सोपं झालं. "काल चर्चपाशी कधी गेलीस?"

"नासारिओ गाडी ठेवून गेला, त्याच्यामागून. देवीची गाडी अशी बोडक्या ट्रकवर कशी ठेवायची? चादर लावली, फुलं लावली, पसारा आवरला. यांना तिथंच सावलीत बसवलं आणि मी पूजेला आत गेले. यांनी ऐकलं नाही, म्हणाले, मी गाडीपाशीच थांबतो."

"कुणी आलं होतं?"

ओर्लिन्दानं ढवळणं थांबवलं. "शेजारीण म्हणत होती, पूजा चालू असताना फिदेन्सिओची पिकअप आमच्या अंगणात होती. घरी कुणी नाही हे त्याला ठाऊक. कोमाद्रे, तो किती वर्षं ही गाडी विकत मागतोय. मोडलेली गाडी स्वस्त पडते ना?"

४

फिदेन्सिओ आपल्या गॅरेजच्या दारात इस्त्रीच्या शर्टात उभा होता. निन्फाला पाहून त्यानं दार ओढून घेतलं.

"काल संध्याकाळी पूजेला नव्हतास," निन्फा म्हणाली.

"होतो की. मागे."

"मागे मी होते. तुझ्यासारखा ऐसपैस माणूस मला दिसला नसता?"

त्यानं मानेवरून हात फिरवला. नखांत ग्रीस होतं, सणाच्या दिवशी.

"आबुन्दिओच्या अंगणात काय करत होतास?"

"ते सांगता येणार नाही, तिया."

"नासारिओ सोमवारी ट्रक विकतोय. तुला सांगता येत नाही, त्याला सांगायला काही नाही, आणि मी म्हातारी उन्हातून फिरतेय. बसायला तरी सांग."

फिदेन्सिओनं खुर्ची आणली, झटकली. स्वतः उभाच राहिला. मग खाली बघत म्हणाला, "गिअरबॉक्स ठेवला त्यांच्या पडवीत. पोत्यात गुंडाळून, कोपऱ्यात. तसाच, त्याच सालचा. कित्येक महिने शोधत होतो."

"विकत?"

"नवस आहे. आमचा धाकटा तुरुंगातून सुटला तो नीट वागला, नोकरीला लागला. त्याला कामाला लावलं आबुन्दिओनं, कुणाला न सांगता. मग मीही न सांगताच द्यायचं ठरवलं. सांगितलं की नवस फुकट जातो."

"मी ऐकलं नाही," निन्फा म्हणाली. "कानानं कमीच येतं हल्ली."

त्याचा चेहरा सैल झाला. "गाडी मागतो ते खरं. पण तिला ओरखडा पाडण्याआधी मी माझा हात तोडीन."

तिनं विश्वास ठेवला. मंडळात काही जण गाड्यांना माणसांपेक्षा जास्त जपायचे, त्यात फिदेन्सिओ पहिला. ती उठणार एवढ्यात तो म्हणाला, "एक विचारू? पालखी निघायच्या जरा आधी मी परतत होतो, चर्चवरून गेलो. तेव्हा आग्रादेसिदाचं नाक वर होतं. पूर्ण वर. नासारिओ तर कधी असं ठेवून जात नाही."

निन्फा परत खुर्चीत बसली. डबी बाहेर, नाक वर. आणि ट्रकपाशी सावलीत बसलेला एकच माणूस.

ज्याला कुणी काही विचारलंच नव्हतं, कारण नुकसान त्याचंच झालं होतं.

५

तीर्थ शिंपडायला अजून वेळ होता. आबुन्दिओ ट्रकच्या सावलीत खुर्चीवर बसला होता, डावा हात मांडीवर. निन्फा त्याच्या शेजारी चर्चच्या पायरीवर टेकली. दोघं समोरच्या डोंगराकडे पाहू लागली. तरुणपणी दोघांनी त्याच डोंगरावर मेंढ्या हाकल्या होत्या.

"कोम्पाद्रे," ती म्हणाली, "काल पालखीत मी पुढे होते. देवीकडे तोंड, गाडीकडे पाठ."

"सगळ्यांचीच. पाठ."

खरंच होतं ते. आमच्या गावात, आलामितोत, देवीला पाठ दाखवत नाहीत. पालखी निघाली की सगळं गाव देवीकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालतं, अडखळतं, एकमेकांच्या पायांवर पाय देतं. भिंतीशी उभ्या गाडीकडे तेव्हा सगळ्यांचीच पाठ असते. दरवर्षी मागून पंपाचा आवाज आला की लोक ओळखायचे, वाकली. आणि यंदा दुरुस्त होऊन आलेली घंटा अशी दणदणत होती की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येईना.

"मला एवढंच सांगा," निन्फा म्हणाली. "यंदा आग्रादेसिदानं नमस्कार केला का?"

आबुन्दिओनं तिच्याकडे पाहिलं, जणू तिनं सूर्य उगवला का असं विचारलं होतं.

"न करून? चुकलाय कधी?" त्यानं डावा हात उचलून दाखवला. "ओर्लिन्दाकडून डबी मागून घेतली. ती जायच्या आधी. नाक वर केलं. आधीच बसलेली गाडी कशी वाकेल. पालखी आली. वाकवली. परत उठवली." त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "फक्त देवीनं पाहिलं. आणि मी."

"देवाची कृपा," निन्फा म्हणाली, आणि तिला ते मनापासून वाटलं. आता पुढचं बोलायचं तिच्या जिवावर आलं होतं. "कोम्पाद्रे, ती वाकली तेव्हा खाली काय होतं?"

"खाली? ट्रक. सपाट."

"ओर्लिन्दा," निन्फानं हाक मारली. ती भांडं घेऊन चर्चकडे येतच होती, तिच्यामागून फिदेन्सिओ. नासारिओ दूर भिंतीशी उभा होता, त्यालाही तिनं हातानं बोलावलं. "काल पसारा आवरलास म्हणालीस. काय होता पसारा?"

"त्या फळ्या. काळ्याकुट्ट, मातीनं भरलेल्या. देवीसमोर कशा दिसतील? गाडीचं नाक वर होतं, म्हणून पोटाखाली सरकवल्या, एकावर एक, अगदी मध्ये. कुणाला दिसू नयेत म्ह—"

ती मध्येच थांबली. निन्फानं वाकून चादरीची कड उचलली.

फळ्या तिथंच होत्या. वरच्या फळीवर ताजी खोक पडली होती आणि लाकूड तेल पिऊन काळं झालं होतं. इंजिनाचं चेंबर बरोबर तिच्यावर.

निन्फा सावकाश सांगत गेली. नासारिओनं गाडी चढवली ती नीटच, नाहीतर अंगणात तेल सांडलं असतं. आणली तीही नीट, नाहीतर पट्टे सैल झाले असते. त्यानं चाकंच बांधली, पाठ मोकळी ठेवली, म्हणून तर ट्रकवरसुद्धा गाडीला वाकता आलं. एकानं देवीसाठी नाक वर केलं. एकीनं देवीसाठी फळ्या लपवल्या. मग नमस्कार झाला, आणि घंटेच्या आवाजात लोखंड फुटल्याचं कुणाला कळलं नाही.

"यात कुणीही खोटं बोललं नाही," ती म्हणाली. "म्हणूनच कळायला इतका वेळ लागला."

ओर्लिन्दानं तोंडावर हात घेतला. आबुन्दिओ गाडीकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलू लागले. निन्फाला वाटलं रडतोय. तो हसत होता, रडतही होता.

"तरी वाकली," तो म्हणाला. "पोट फुटलं. तरी पुरती वाकली."

६

पाद्रीनं तीर्थ शिंपडलं. काळ्या पडलेल्या फुलावरही चार थेंब पडले. मग चर्चच्या अंगणात पोसोले झालं, हिरव्या मिरचीचं कालवण झालं, आणि फिदेन्सिओ नासारिओच्या ताटात वाढत राहिला, तो नको म्हणेपर्यंत आणि त्यानंतरही.

"प्रदर्शनाला सगळ्या गाड्या तूच न्यायच्या," तो म्हणाला. "पुएब्लोवाल्याला सांग, ट्रक आजारी आहे."

"ट्रक ठणठणीत आहे."

"मग सांग, मालक आजारी आहे. खा."

ऊन कलल्यावर नासारिओ ट्रकपाशी गेला. झालर काढली, आग्रादेसिदाचं नाक पुरतं वर करून फळ्या बाहेर ओढल्या. ओर्लिन्दानं त्या त्याच्या हातातून घेतल्या, तेलासकट छातीशी धरल्या. सणाचा झगा खराब झाला, तिला त्याचं काही नव्हतं. नासारिओ वाकून पोटाखाली बघून आला, मग पट्टे तपासत गाडीच्या पुढ्यात येऊन थांबला.

"निघू का, आबुन्दिओकाका?"

आबुन्दिओनं निन्फाला खूण केली. तिनं त्याची खुर्ची जवळ ढकलली. खिडकीतून लोंबणारी डबी त्यानं डाव्या हातात घेतली. आता फिदेन्सिओ सरळ उभा राहिला. मंडळातले लोक जवळ सरकले.

पंपानं हुंकार दिला. देवीवाचून कुणापुढे न वाकलेलं ते जर्दाळू रंगाचं नाक हळूहळू खाली आलं, नासारिओपुढे, अगदी हौद्याला टेकेपर्यंत.

नासारिओला काय करावं ते कळेना. त्यानं टोपी काढली, परत घातली, परत काढली. मग आपला पंजा गाडीच्या नाकावर ठेवला, घोड्याच्या कपाळावर ठेवावा तसा.

"वर घ्यायची नाही आता," तो म्हणाला. "रस्त्यात खालीच बरी असते."

केबिनमध्ये त्याच्या शेजारी निन्फा बसली, एपिमेनिओ बसला होता त्याच जागी. तिच्या पायांशी त्या फळ्या होत्या. ओर्लिन्दानं वाटेत तेल सांडू नये म्हणून त्या पांढऱ्या चादरीत गुंडाळून दिल्या होत्या, आणि वर एक कागदी फूल खोचलं होतं.